घरच्या पाच माणसांसाठी मासेमारीची होडी: १६ फूट, १८ की २२?

खाडीकाठची
घर दापोली तालुक्यात, खाडीला लागून. होडी हवी आहे ती घरच्यांसाठी: तीन मोठी माणसं, दोन मुलं (९ आणि १३ वर्षं). खाडीत गरी टाकायची, कधी एखादी कांडाळी (पाण्यात उभं लावायचं जाळं) लावायची, आणि डिसेंबर ते मार्चमध्ये हवा चांगली असेल तर खाडीच्या तोंडाबाहेर तीन-चार किलोमीटर जायचं. मासे विकायचे नाहीत. फायबरचीच घेणार. एक कारखानदार १६ फुटी पुरेल म्हणतो, दुसरा २२ च्या खाली बोलायलाच तयार नाही. इंजिन किती एचपीचं, तेही सांगा. होडी रात्री खाडीत नांगरून ठेवता येईल, पण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो.

नाळ_ते_पिछाडी
२२ वाल्याला मोठी होडी विकायची आहे आणि १६ वाल्याकडे तयार साचा पडून आहे, एवढाच त्याचा अर्थ. ताई, आधी होडीत किती वजन चढणार ते कागदावर मांडा.

मोठी तीन माणसं २१० किलो, मुलं दोन मिळून ७५. इंजिन ६०. भरलेली २४ लिटरची टाकी २० च्या आसपास. नांगर, साखळी, दोर १४. बर्फ घातलेली पेटी २५. ओली कांडाळी ३०. पिण्याचं पाणी, बॅटरी, वल्ही, जाकिटं, डबे वगैरे ३५. म्हणजे ४७० किलो. मासे मिळाले तर ते वर.

आता १६ फूट लांब, ५ फूट रुंद होडीचा पाण्याला टेकणारा तळ साधारण सव्वापाच चौरस मीटर धरा. ती दर ५३-५४ किलोमागे एक सेंटिमीटर खाली बसते. १८ बाय ६ च्या होडीचा तळ सात चौरस मीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला ७२ किलो. ४७० किलोला पहिली पावणेनऊ सेंटिमीटर बसेल, दुसरी साडेसहा. फरक सव्वादोन सेंटिमीटरचा. त्यामुळे 'लहान होडी वजनाने बुडते' ही भीती निदान या हिशेबात तरी टिकत नाही.

फरक पडतो तो कलण्यात. सगळे एका बाजूला मासा बघायला सरकले की होडी किती झुकते, हे लांबीवर कमी आणि रुंदीवर फार अवलंबून असतं. लांबीच्या सरळ पटीत स्थैर्य वाढतं, रुंदीच्या मात्र घनाच्या पटीत. १६ ची १८ केलीत तर साडेबारा टक्के मिळतात. ५ ची ६ केलीत तर जवळजवळ पाऊणपट जास्त. कारखानदाराला लांबी विचारू नका. पाण्याच्या रेषेवर रुंदी किती, ते विचारा. वरच्या काठाची रुंदी सांगून फसवतात. काठ बाहेर पसरलेला असतो आणि खाली पाण्यात होडी साडेचारचीच असते.

मालवणी_मासो
खरा बोललात. लांबी बघण्याआदी रुंदी बघा. आमच्याकडे अरुंद होडयेक उलांडी (बाजूक बांधलेला तरंगता लाकूड) लावतत ती काय शोभेक नाय.

नाळ_ते_पिछाडी
उलांडीचा विषय निघालाच आहे तर: मुलांसाठी उलांडीवाली होडी सुचवणारे बरेच भेटतील, कारण ती सहसा कलंडत नाही. पण ती धक्क्याला एकाच बाजूने लागते, जाळंही एकाच बाजूने ओढायचं, आणि फुटत्या लाटेत उलांडीचे आडवे दांडे सुटले तर उरते ती अडीच फुटी डोंगी. घरच्या वापराला रुंद फायबरच बरी.

साडेतीन_वाव
माणसांचा एक जुना ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. अमेरिकेचं तटरक्षक दल २० फुटांखालच्या होड्यांना हाच वापरतं. १६ × ५ ला पाच माणसं येतात, १८ × ६ ला सात. पण हा आकडा शांत हवेचा आहे. समुद्रात त्याचे दोन तृतीयांश धरा. म्हणजे १६ ची तीन-साडेतीन माणसांची, १८ ची पावणेपाच. दोन मुलं धरून तुम्ही १८ मध्ये बसता, १६ मध्ये नाही.

बंदरावरचा
२० का नको, ते कोणी बोलत नाही. एकदाच पैसे घालायचे आहेत. बाहेर तीन-चार किलोमीटर जायचं तर लांब होडी लाटेवर कमी आपटते, दोन लाटांच्या मधे नाळ (होडीचं पुढचं टोक) पडत नाही. दुपारच्या वाऱ्यात १८ आणि २० मध्ये फरक चांगला जाणवतो.

नाळ_ते_पिछाडी
जाणवतो, मान्य. पण १८ ची होडी मोकळी ३०० किलोच्या घरात, २० ची ४०० ते ४५०. ती रोज कोण ओढणार? चिखलात बसलेली होडी तर वजनापेक्षा जास्त ओढ घेते, कारण तळाखाली हवा शिरत नाही. घरात तीन मोठी माणसं आहेत. इंजिन काढून, खाली ओंडे घालून, कप्पी लावून ३०० किलोची होडी तिघं वर घेतात. ४५० ला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते, आणि दर वेळी हाक मारायला नको वाटलं की होडी पाण्यातच राहते. पुढे काय होतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको: तळाला कालवं बसतात, वेग निम्मा होतो.

खाडीकाठची
ओढणं हा खरंच प्रश्न आहे. पण माझी भीती वेगळी आहे. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे आणि तिथे होड्या उलटल्याचं ऐकून आहोत. मोठी होडी तिथे सुरक्षित नाही का?

तिथीपाऊण
दांड्यावर होडीची लांबी फार थोडी वाचवते, वेळ वाचवते. जरा सविस्तर लिहितो.

फुटती लाट होडीवर आडवी बसली आणि तिची उंची होडीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के असली, तर होडी उलटू शकते. १६ फुटीला ही उंची जेमतेम पाच फूट, २० फुटीला सहा. म्हणजे जास्तीचे पैसे घालून तुम्ही लाटेचा एक फूट विकत घेता. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून फुगवटा (दूरच्या समुद्रातून येणारी लांब लाट) आला की दांड्यावर तो फूट कधी गेला ते कळत नाही. बाहेरची लाट अडीच फुटाची असली तरी उलट्या ओढीत ती आखूड होते, उभी राहते आणि फुटते. आतून बघताना लाटांची पाठ दिसते, तोंड दिसत नाही, म्हणून ती नेहमी लहान वाटते.

म्हणून भरतीच्या चढत्या पाण्यावर बाहेर पडायचं आणि समाप्तीच्या आसपास, ओढ सुरू व्हायच्या आत परत यायचं. भरतीची वेळ काढायला कोकणात सगळ्यांना पाठ असलेला हिशेब: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, तेवढा फरक दोन-चार दिवस काठावर बसून लावून घ्या.

आता घरच्यांना घेऊन जायला कोणते दिवस चांगले? दुपारचा खारा वारा साधारण अकरा-बाराला उठतो. त्याच्या आधी आत यायचं आणि येताना भरती भरलेली हवी, या दोन्ही गोष्टी दशमी ते त्रयोदशीलाच जुळतात, महिन्यातून दोनदा. दशमीला साडेसातला भरती, त्रयोदशीला पावणेदहाला. त्रयोदशीला सातला निघा, दहाच्या आत दांडा ओलांडून आत या. तीन तास मिळतात, मुलांना तेवढे पुरतात. दशमी-एकादशीला भांगाचं पाणी (भरती-ओहोटीतला फरक कमी) असल्याने ओढही मवाळ. उलट अष्टमीला पहाटे सहाला भरती आणि बाराला पूर्ण ओहोटी. दहा-अकराला परत याल तर पाणी कमी, वारा नवा, ओढ बाहेरची. ते दिवस आत खाडीत गरी टाकायचे.

आणि दांड्यावर शंका आली तर थांबायचं. बाहेर असाल तर बाहेरच, नांगरून, पुढची भरती भरेपर्यंत. त्यासाठी पाणी, खाणं आणि सावली होडीत असलीच पाहिजे.

बंदरावरचा
हे वाचून २० चा हट्ट सोडतो. पण हवामानाचा अंदाज बघायचा राहिला. इन्कॉइस या केंद्र सरकारच्या समुद्रमाहिती संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याआधी बघाच. लाटेच्या उंचीशेजारी फुगवट्याचा कालावधी दिलेला असतो. उंची एक मीटर आणि कालावधी १४-१५ सेकंद असेल तर बाहेर समुद्र तेलासारखा दिसतो आणि दांड्यावर मात्र भिंत उभी राहते. वारा नसताना होणारे अपघात असेच होतात.

इंजिनवाला
एचपीचं बघू. मोकळी होडी ३००, वर चढणारं ४७०. एकूण ७७०. होडी पाण्यावर उचलली जाऊन पळायला हवी असेल तर दर २५ किलोला एक एचपी हा साधा अंदाज, म्हणजे ३०. पण पळवायची गरज आहे का? न उचलता १८ फुटीचा नैसर्गिक वेग साडेपाच नॉट, ताशी दहा किलोमीटर. तुमचं चार किलोमीटर २५ मिनिटांत होतं. त्याला ९.९ पुरतं.

तरी ९.९ घेऊ नका. कारण वेग नाही, दांड्यावरची ओढ. तिथे तीन-चार नॉटची धार समोरून असेल तर साडेपाच नॉटची होडी जेमतेम दीड-अडीच नॉटने पुढे सरकते, आणि मागून येणाऱ्या लाटेच्या पाठीवर राहायलाही ताकद शिल्लक लागते. २५ एचपी घ्या. पाच माणसांनी ती धड उचलणार नाही, दोघांनी मस्त पळेल. ४० एचपीचं चार स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास जातं; ते वजन पिछाडीला लटकलं की नांगरलेल्या होडीत मागून पाणी चढतं.

दांड्याची उंची बघून घ्या, म्हणजे इंजिनाच्या दांड्याची, वाळूच्या नव्हे. पिछाडीची फळी १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि होडी पुढे जात नाही. समुद्राला २० इंची फळी घ्या, मागून येणारी लाट तिला सहजी ओलांडत नाही.

पेट्रोल: २५ चं चार स्ट्रोक पूर्ण ताणून तासाला साडेनऊ-दहा लिटर, मध्यम चालीला पाच-सहा. दोन स्ट्रोक त्याहून दीडपट खातं, वर ५०:१ तेल. जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं हात न लावता. २४ ची एक टाकी तुमच्या अंतराला भरपूर.

नवं इंजिन बसवल्यावर पाच माणसं बसवून पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम मोजा. पुस्तकात ५००० ते ६००० दिलं असेल आणि ४४०० वर अडकत असेल तर पंखा जास्त पिचचा आहे (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकायला बघतो ते अंतर). एक इंच पिच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. इथे विकताना रिकाम्या होडीचा वेग दाखवायला जड पंखा बसवून देतात, मग भरलेल्या होडीत इंजिन वर्षभर गुदमरतं आणि कार्बन धरतं.

खाडीकाठची
काठाची उंची किती असावी? मुलं आहेत म्हणून उंच हवी, पण जाळं ओढताना उंच काठाने कंबर जाते म्हणतात.

साडेतीन_वाव
दोन्ही खरं. भरलेल्या होडीत मधला काठ पाण्यापासून दीड फूट, नाळेकडे अडीच. आतून मोजलं तर उभ्या माणसाच्या मांडीला काठ टेकला पाहिजे. गुडघ्याला टेकणारा काठ मोठ्या माणसालाही बाहेर फेकतो. जाळं पिछाडीजवळच्या कोपऱ्यातून न ओढता मध्यापासून थोडं पुढे, एकाच माणसाने ओढायचं आणि दुसऱ्याने विरुद्ध बाजूला बसायचं. कांडाळी कशात अडकली तर दोर होडीला बांधून इंजिनाने ओढू नका. काठ पाण्याखाली जायला एवढं एक कारण पुरतं.

मुलांची जाकिटं मुलांच्या मापाची घ्या. मोठ्यांचं जाकीट नऊ वर्षांच्या मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं बघा.

कारागीर_रेवस
होडी भरली तर तरंगणार का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. फायबर पाण्यापेक्षा जड असतं; भरली की खाली जाते. आत फोम असेल तरच वर राहते.

हिशेब असा: ३०० किलो फायबरचं पाण्याखाली वजन साधारण १००. इंजिनाचं ५०. नांगर, बॅटरी वगैरे ३०. काठाला धरून पाण्यात असलेली पाच माणसं, प्रत्येकी १०-१५ किलो आधार मागणारी, म्हणून ७५. अडीचशेच्या जवळ झालं. एक लिटर बंद पेशींचा फोम जवळजवळ एक किलो उचलतो, म्हणजे थोडा जास्तीचा धरून ३०० लिटर फोम हवा. कारखानदार 'आहे ना फोम' म्हणेल. लिटर विचारा आणि कुठे ते विचारा. सगळा फोम तळाच्या फळीखाली असेल तर भरलेली होडी पालथी होऊन तरंगते. निम्मा तरी काठाखाली, दोन्ही बाजूंना, आणि पिछाडीला इंजिनाच्या दोन्ही अंगांना हवा.

थर्माकोल भरलेला असेल तर घेऊच नका. पेट्रोलच्या सांडलेल्या थेंबांनी विरघळतो, रेझिननेही विरघळतो.

बांधणीत: बाहेर आणि पहिल्या थरांना आयसोफ्थॅलिक रेझिन, स्वस्तातलं साधं नाही, त्यातून पाणी झिरपतं आणि दोन-तीन वर्षांत तळाला फोड येतात. १८ फुटीचा तळ सहा मिलिमीटर, मधली कण्याची जागा आठ-नऊ. रिकाम्या होडीत तळावर टाच रोवून उभं राहा. दबला तर पातळ. पिछाडीच्या फळीत आयएस ७१० चा मरीन प्लाय, २५ मिलिमीटरचे दोन थर, आणि बोल्टची भोकं सिलंटने बंद केलेली. जुनी होडी बघताना सगळ्यात आधी हीच फळी लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तिथे आत प्लाय कुजला आहे. मग इंजिनाचं डोकं धरून मागेपुढे हलवा. फळी वाकताना दिसली तर किंमत विचारायचीही गरज नाही.

बंदरावरचा
कागदांचं बोला कोणीतरी.

तिथीपाऊण
जाळं लावणार म्हणजे मासेमारी नौका. विकत नसलात तरी जाळ्याचा प्रश्न येतोच. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. नोंदणी आणि परवाना रिअलक्राफ्ट पोर्टलवरून, तपासणी मत्स्यव्यवसाय खात्याची. कारखान्याचा बांधणीचा दाखला आणि इंजिनाचं बिल होडी ताब्यात घेतानाच मागून घ्या, नंतर फेऱ्या पडतात. आउटबोर्ड लागला की होडी यांत्रिक, म्हणून १ जूनपासूनची पावसाळी बंदी तुम्हालाही लागू. नुसती गरी आणि फिरणं असेल तर वाट वेगळी, मेरीटाईम बोर्डाची. जाळं हवं की नको हे आधी ठरवा, कारण एका कागदावर दुसरं काम चालत नाही. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ घालून ठेवा, आणि मोबाइल पाण्यात जाणार नाही अशा पिशवीत.

खाडीकाठची
१८ × ६, फळी २० इंची, २५ एचपी, फोम ३०० लिटर लिहून मागणार. चिखलात ठेवायचं काय करू? रोज ओढायची नाही.

कारागीर_रेवस
आठवड्यात दोनदा वापर असेल तर चिखलात बसू द्या, पण तीन गोष्टी सांभाळा. जागा पायाने चाचपून घ्या, खाली दगड किंवा जुना खुंट नको. होडी दर भरती-ओहोटीला त्याच जागी आपटते. दुसरं, इंजिन पूर्ण वर उचलून ठेवा. पंखा चिखलात राहिला तर थंड पाणी आत घेणारी जाळी बुजते आणि इंजिन पाच मिनिटांत तापतं. सुरू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी उडते ना, ते आधी बघा, मग गियर टाका. तिसरं, तळाला अँटिफाउलिंग (कालवं बसू न देणारा) रंग द्या आणि पाऊस लागायच्या आधी होडी वर घेऊन पालथी घाला.

नांगर पुढे एक, मागे एक. पुढचा सहा किलोचा, त्याला होडीच्या लांबीएवढी आठ मिलिमीटरची साखळी, मग दोर. नांगरलेल्या जागी भरतीला तीन मीटर पाणी असेल तर दोर किमान १५ मीटर सोडा. चिखलात नांगर दर महिन्याला उपटून पुन्हा टाका, नाहीतर तो इतका खोल जातो की सोडून द्यावा लागतो.

इंजिनवाला
दर फेरीनंतर इंजिनात दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा. बादलीत नको, पाणी आत घेणाऱ्या जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणारं, नळी जोडायचं मफ घ्या. इंपेलर (इंजिनात थंड पाणी ओढणारी रबरी चकती) वर्षाला बदला, झिजलेला दिसो न दिसो. आणि थांबवायची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असलीच पाहिजे, तेरा वर्षांचा मुलगा चालवत असेल तेव्हा तर नक्कीच.

मालवणी_मासो
एक र्‍हवला. पाणी उपसूक बॅटरीचो पंप लावा, पण दोरयेन बांधलेलो बारको डबो पण ठेवा. पंप बॅटरीबरोबर बुडता, डबो नाय.